न पाहता ‘पाहिले’ म्हणणे

खोट्या साक्षीविषयीची नववी आज्ञा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ असते. तिचा भंग म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे कचेरी, पंच, शपथ आणि बांधावरचा तंटा उभा राहतो; आणि आपण तर कचेरीची पायरीही कधी चढलो नाही, तेव्हा ह्या आज्ञेपुरते तरी आपण निर्दोष आहोत, असे मानून आपण पुढच्या आज्ञेकडे वळतो. परंतु जिच्यामुळे कोणाचे शेत जात नाही, कोणास तुरुंग घडत नाही, उलट जी ऐकून समोरच्यास आनंदच होतो, अशीही एक साक्ष असते. आणि ती खरी नसते. ती पाप आहे की केवळ शिष्टाचार, ह्याचा आज विचार करावयाचा आहे. हा प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. तो आम्हांस अंधेरी येथे एका घराच्या परसात, गुरू ग्रहाचे चंद्र पाहताना पडला. आणि त्यात दोषी आम्हीच होतो.

सन २०२४ च्या डिसेंबर महिन्यात आम्ही काही कामानिमित्त मुंबईस गेलो असता अंधेरीस एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक असून त्यांस आकाशनिरीक्षणाचा नाद आहे. गिल्बर्ट टेकडी म्हणून काळ्या दगडाचा जो सुमारे दोनशे फूट उंच सुळका अंधेरीच्या भर वस्तीत उभा आहे, त्याच्यापासून त्यांचे घर फार दूर नाही. चहूकडे इमारती उठल्या आहेत, विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे सारखे डोक्यावरून जातात, आणि रस्त्यांच्या उजेडाने आकाश राखेच्या रंगाचे झाले आहे. बारीक तारे तेथे दिसतच नाहीत; म्हणून मुंबईतील हौशी मंडळी तारे पाहावयास वांगणीसारख्या दूरच्या गावी जाऊन रात्र काढतात. पण गुरू हा इतका तेजस्वी की, अंधेरीच्या उजेडासही तो दबत नाही. त्या महिन्याच्या ७ तारखेस तो आपल्या पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर समोर आला होता, आणि वृषभ राशीत रोहिणीच्या तांबूस ताऱ्यापासून जवळच सारी रात्र झळकत होता.

आमच्या यजमानांनी परसात सहा इंची आरशाची दुर्बीण मांडली. शेजारची माणसे, रविवारच्या शाळेतील मुले आणि आमच्यासारखे पाहुणे मिळून पंधरा-वीस जण रांगेने उभे राहिलो. यजमानांनी आधीच सांगून ठेवले होते, “मध्ये गुरूची लहानशी थाळी दिसेल, आणि तिच्या दोहों बाजूंस एका ओळीत चार ठिपके दिसतील. ते त्याचे चंद्र.” एकेक जण नळीशी डोळा लावी, “वा! दिसले, चारही दिसले,” असे म्हणे, आणि बाजूस होई. आमची पाळी आली. आम्ही डोळा लावला. आम्हांस काळोख दिसला. आमच्या मागे माणसे तिष्ठत होती. यजमान मोठ्या उत्सुकतेने आमच्या तोंडाकडे पाहत होते. आमच्या पुढच्या तिघांनी नुकतेच ‘दिसले’ म्हटले होते. आम्ही म्हणालो, “फारच सुंदर!” आणि दूर झालो.

आमच्या मागे यजमानांच्या आत्याबाई होत्या. त्या संगमनेरकडील एका खेड्यातून दोन दिवसांपूर्वीच आल्या होत्या. त्यांनी डोळा लावला, पुनः लावला, पदराने डोळा पुसून तिसऱ्यांदा लावला, आणि सरळ म्हणाल्या, “अरे, मला तर नुसता अंधारच दिसतोय बघ.” रांगेतून हसू उठले. कोणी म्हणाले, आत्याबाईंस मोतीबिंदू झाला असेल. यजमानांनी स्वतः डोळा लावून पाहिले, आणि ते चकित झाले. पृथ्वी फिरते, त्यामुळे ग्रह दुर्बिणीसमोरून हळूहळू सरकत जातो, आणि दर दोन-तीन मिनिटांनी नळी थोडी हलवावी लागते. बोलण्याच्या नादात ती हलवावयाची राहून गेली होती. गुरू केव्हाच बाहेर निघून गेला होता. म्हणजे आम्ही आणि बहुधा आमच्या पुढच्याही काही जणांनी मोकळ्या काळोखात पाहून तोंडभर स्तुती केली होती.

यजमानांनी दुर्बीण नीट लावून दिली. आत्याबाईंनी पुष्कळ वेळ पाहिले, आणि त्या म्हणाल्या, “मोठं एक दिसतंय. एका अंगाला दोन अन् दुसऱ्या अंगाला एक. चौथं कुठाय?” यजमानांनी पाहिले; खरोखरच तीन होते. कोष्टक पाहता असे समजले की, त्या वेळी एक चंद्र गुरूच्या आड गेला होता. तेव्हा ज्यांनी ज्यांनी ‘चारही दिसले’ म्हटले, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हे, तर कानांनी ऐकलेले सांगितले होते. सबंध रांगेत दृष्टीस पडले तेवढेच सांगणारी अशी ही एकच बाई निघाली, आणि हसू झाले ते तिचेच. त्या रात्री आम्हांस लवकर झोप आली नाही.

आता कोणी म्हणेल की, ह्यात एवढे काय झाले? यजमानांचे मन राखले, रांग पुढे सरकली, गुरूचे काही बिघडले नाही. आम्हीही प्रथम आपल्या मनाची अशीच समजूत घातली. परंतु नीट विचार केला असता अशा बोलण्याने तीन ठिकाणी हानी होते, असे आम्हांस दिसून आले.

पहिली हानी बोलणाराची स्वतःची. ‘दिसत नाही’ असे आम्ही म्हटले असते, तर त्याच क्षणी दुर्बीण नीट लावण्यात आली असती. ‘दिसले’ म्हटल्यामुळे दाखवणाराचा हात थांबला. ज्याने पाहिले असे सांगितले, त्यास पुनः कोण दाखवील? दुसरी हानी मागे उभा असणाराची. त्यासही काळोखच दिसतो. परंतु पुढच्या सगळ्यांस दिसले असे ऐकून त्यास वाटते की, उणेपणा माझ्याच डोळ्यांत आहे. मग तोही खोटे बोलतो, किंवा आपण आंधळे आहो असे मानून मुकाट्याने परत जातो. तिसरी हानी साक्षीची. वीस जणांच्या साक्षीला एकाच्या साक्षीहून अधिक वजन असते, कारण वीस डोळ्यांनी वेगवेगळे पाहिलेले असते. एकाने पाहिले आणि एकोणीस जणांनी त्याचे ऐकून म्हटले, तर तेथे साक्षी वीस नाहीत, एकच आहे. आणि तो चुकला तर सगळेच चुकले.

हे चंद्र प्रथम दिसले, तेव्हाचा इतिहास ह्या कामी बोधप्रद आहे. इटली देशात गॅलिलिओ ह्याने ७ जानेवारी १६१० रोजी आपल्या दुर्बिणीतून गुरूजवळ तीन लहान तारे पाहिले. दोन पूर्वेस, एक पश्चिमेस. ते नेहमीचे स्थिर तारे असावेत असे त्यास वाटले. दुसऱ्या रात्री पाहतो तो तिन्ही पश्चिमेस. १३ तारखेस चौथा दिसला. त्याने रात्रीमागून रात्री, जसे दिसेल तसे ठिपके काढून ठेवले, आणि ते गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत असे त्याच वर्षी मार्च महिन्यात छापून प्रसिद्ध केले. सर्व काही पृथ्वीभोवती फिरते असे मानणाऱ्या विद्वानांस हे रुचले नाही. पादुआ येथील क्रेमोनीनी नामक तत्त्ववेत्ता गॅलिलिओचाच सहकारी होता. पण दुर्बिणीतून पाहिले म्हणजे डोके गोंधळते, असे म्हणून तो पाहावयास तयार होईना. उलटपक्षी, एप्रिल महिन्यात बोलोन्या शहरी वीसेक विद्वानांनी गॅलिलिओच्या समक्ष डोळा लावला, आणि त्यांस काही ते चंद्र समाधानकारक दिसले नाहीत. भिंगे अपुरी, पाहण्याचे क्षेत्र चिमुकले, डोळ्यांस सवय नाही, दिसावे कसे? ते लोक खोटे बोलले नाहीत. मात्र त्यांच्यापैकी जो एक जण ‘मला दिसले नाहीत’ येवढ्यावर न थांबता ‘ते नाहीतच’ असे लिहून मोकळा झाला, त्याची फजिती झाली.

आम्हांस अनुकरणीय वाटतो तो योहान केप्लर. हा ल्यूथरपंथी असून तरुणपणी धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने शिकला होता. गॅलिलिओचे पुस्तक हाती पडले तेव्हा त्याच्याजवळ तसली दुर्बीण नव्हती. त्याने गॅलिलिओच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, परंतु ‘मी पाहिले’ असे तो बोलला नाही; स्वतःच्या अनुभवाचा आधार नसता मी हे मान्य करीत आहे, हे त्याने छापून उघड सांगितले. पुढे ऑगस्टच्या अखेरीस त्यास थोड्या दिवसांपुरती एक दुर्बीण उसनी मिळाली. तेव्हा त्याने काय करावे? त्याने सोबत्यांस बोलावले, आणि प्रत्येकाने पाहिल्यावर आपणांस जे दिसले ते दुसऱ्यास न दाखवता खडूने काढावे, असा नियम केला. मग सर्वांची चित्रे ताडून पाहिली. गॅलिलिओ खरा ठरावा अशी केप्लरची मनापासून इच्छा होती; म्हणूनच त्याने आपल्या इच्छेस साक्षीदारांच्या वाटेत येऊ दिले नाही.

आणखी एक दाखला पाहा. गुरूचा सर्वांत जवळचा मोठा चंद्र आयो हा सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी करतो, आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या छायेत शिरून दिसेनासा होतो. ही ग्रहणे केव्हा व्हावीत ह्याची कोष्टके पॅरिस येथे तयार झाली होती. ओले रोमर नावाच्या डेन्मार्कच्या तरुण ज्योतिष्यास असे आढळले की, पृथ्वी गुरूपासून दूर जात असली म्हणजे ही ग्रहणे कोष्टकातील वेळेहून उशिराने दिसतात. कोष्टक थोरांचे, डोळा आपला. मिनिटे थोडी इकडची तिकडे करून नोंद कोष्टकाशी जुळवून टाकणे किती सोपे होते! त्याने ती जुळवली नाही. त्या उशिराचाच विचार करून १६७६ साली त्याने जगास सांगितले की, प्रकाशास यावयास वेळ लागतो. त्याचा आकडा अगदी बरोबर नव्हता, पण गोष्ट खरी होती. त्याच हिशेबाने आज आपणांस समजते की, अंधेरीच्या परसात आत्याबाईंच्या डोळ्यांत शिरलेला उजेड गुरूपासून सुमारे एकसष्ट कोटी किलोमीटर चालून आला होता, आणि त्यास चौतीस मिनिटे लागली होती. न जुळणारी नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या मनुष्यामुळे हे ज्ञान आपल्यापर्यंत आले.

येथवर ग्रहताऱ्यांची गोष्ट झाली. परंतु आमच्या मनास जी बोच लागली, ती ग्रहताऱ्यांची नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या मंडळीत साक्षीची सभा भरली होती. एकामागून एक बंधुभगिनी उभ्या राहत आणि प्रभूने आपणांस कसे समाधान दिले, हे सांगत. त्यांत एक विधवा बाई होती. तिचा एकुलता एक मुलगा दोन महिन्यांपूर्वी विहिरीत बुडून मेला होता. तिने साक्ष द्यावी असा आग्रह झाला, कारण तिच्या साक्षीने इतरांस धीर येईल, असे सर्वांस वाटत होते. ती उभी राहिली, आणि म्हणाली की, तुम्ही सगळे म्हणता ते समाधान मला अजून कुठे दिसले नाही. मी रोज हाक मारते, पण मला अंधारच दिसतो. तरी मी येत जाईन. एवढे बोलून ती बसली. सभेत चुळबुळ झाली. कोणीतरी घाईने गीत सुरू केले. सभा संपल्यावर तिच्या विश्वासाच्या दुबळेपणाविषयी लोक ओट्यावर बोलत राहिले, आणि आम्हीही त्यांच्यात बसलो होतो. त्याच सभेत आम्ही स्वतः एक उत्तम साक्ष दिली होती. ती ऐकून लोकांनी माना डोलावल्या होत्या. तिच्यातील बहुतेक शब्द आम्ही दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले होते.

अंधेरीस आत्याबाईंवर हसू उठले, तेव्हा आम्हांस ती बाई आठवली. आज ती हयात नाही. तिची क्षमा मागावयास आता मार्ग राहिला नाही, म्हणून तुम्हां वाचकांपुढे हे लिहीत आहो.

प्रभूपुढे अशा माणसांचे काय होते, हे शुभवर्तमानांत लिहिलेले आहे. बेथसैदा गावच्या आंधळ्याची गोष्ट मार्काच्या आठव्या अध्यायात आहे. प्रभूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि काही दिसते काय, म्हणून विचारले. त्या मनुष्यास कसला मोह पडला असेल, ह्याचा विचार करा. समोर स्वतः प्रभू उभा. ज्याने एवढी कृपा केली, त्यास ‘नीट दिसत नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? पण त्याने दिसले तेवढेच सांगितले. माणसे हलताना दिसत होती, पण ती झाडांसारखी अस्पष्ट होती. प्रभू त्यावर रागावला नाही, त्यास अल्पविश्वासी म्हणाला नाही. त्याने पुनः हात ठेवले, आणि मग त्यास सर्व स्पष्ट दिसू लागले. पहिल्याच वेळी भिडेस पडून ‘सर्व दिसले’ असे तो म्हणाला असता, तर आयुष्यभर त्यास माणसे झाडांसारखीच दिसत राहिली असती. थोमाचेही तसेच. इतर दहा जणांचे ऐकून ‘होय, मीही मानतो’ असे म्हणणे त्यास सोपे होते. तो तसे म्हणाला नाही, पण तो त्यांस सोडूनही गेला नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्याच खोलीत होता, आणि प्रभू तेथे आला.

तर मग, न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांस प्रभूने धन्य म्हटले त्याचे काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, न पाहता मानणे ही एक गोष्ट, आणि न पाहता ‘पाहिले’ म्हणणे ही अगदी निराळी. केप्लराने पहिली केली, आम्ही दुसरी. ‘प्रेषितांनी पाहिले, माझ्या आईने पाहिले, मी त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून चालतो आहे,’ अशी साक्ष देणारा खोटा नव्हे. तो विश्वासाने चालणारा आहे. आणि ‘मला अजून अंधार दिसतो’ असे म्हणणारानेही बोलोन्याच्या त्या एका विद्वानाप्रमाणे ‘म्हणून काही नाहीच’ असे ठरवू नये. गुरू त्या वेळी आकाशातच होता; सरकली होती ती आमची दुर्बीण. पाहावयासच नकार देणाऱ्या क्रेमोनीनीचाही मार्ग आपला नव्हे. ‘दिसत नाही’ म्हणून दुर्बिणीशी उभे राहणे हाच मार्ग होय. ती विधवा बाई तेच म्हणत होती, आणि ‘तरी मी येत जाईन’ ह्या तिच्या शब्दांत आमच्या सबंध साक्षीहून अधिक विश्वास होता, हे आम्हांस आज कळते.

म्हणून आमच्या पाळकबंधूंस आणि पंचांस आमची नम्र विनंती आहे की, साक्षीच्या सभेत कोणी अंधाराची साक्ष दिली, तर गीताने ती बुडवू नये. तिच्याजवळ जाऊन बसावे. दुर्बीण सरकली असेल तर ती हलविण्याचे काम पाहणाराचे नव्हे, जवळ उभ्या असणाराचे आहे. आणि आईबापांनी व शिक्षकांनी ‘समजले ना?’ असे विचारून मुलांच्या तोंडून ‘हो’ काढू नये. ‘काय समजले ते सांग’ असे म्हणावे, आणि ‘काही नाही’ असे उत्तर आले तर त्यास शाबासकी द्यावी.

खेड्यातील वाचकांस येथे एक सोय आहे, जी अंधेरीकरांस नाही: तुमचे आकाश अजून काळे आहे. दर तेरा महिन्यांच्या सुमारास गुरू सूर्यासमोर येतो आणि रात्रभर दिसतो. सात किंवा दहा पट मोठे दाखवणारी हातदुर्बीण भिंतीस किंवा झाडाच्या खोडास टेकवून स्थिर धरली, तर तिच्यातूनही हे चंद्र दिसू शकतात. कोणी चार दाखवील, कोणी दोन. एखाद्या रात्री एक गुरूच्या आड असेल, एखादा पुढे असेल. प्रत्येकाने आपल्यापुरते ठिपके काढावेत, दुसऱ्याची पाटी पाहू नये.

आम्ही केप्लरची गोष्ट सांगितल्यावरून आमच्या यजमानांनी दुसऱ्या रात्री असेच केले. मुलांच्या हाती पाट्या दिल्या. कोणाच्या पाटीवर तीन ठिपके आले, कोणाच्या चार. एका लहान मुलीने गुरूची वाटोळी थाळी काढून बाकी पाटी कोरी ठेवली, आणि ती न लाजता यजमानांकडे आणून दिली. यजमानांनी तिला पुनः स्टुलावर उभे केले, आणि ते दुर्बीण नीट लावू लागले. आत्याबाई तिचा हात धरून शेजारी उभ्या होत्या. त्या मुलीस शेवटी किती दिसले, हे पाहावयास आम्ही थांबू शकलो नाही, कारण आमच्या गाडीची वेळ झाली होती. पण तिला जे दिसले असेल तेच तिने सांगितले असेल, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. प्रभू तुम्हांस व आम्हांस तसलेच तोंड देवो.